शांतवनकाकांच्या कपाटातले उपदेश

उद्या दुपारी चार वाजता मला शांतवनकाकांच्या दफनविधीत उपदेश करायचाय, आणि तयारीसाठी ज्यांना फोन करायचा ते स्वतःच पेटीत झोपलेत.

हसू नका. म्हणजे, हसा. काका असते तर तेच पहिले हसले असते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काका नगरकडच्या चर्चचे पाळक. रिटायर झाल्यावर काकूंना घेऊन इकडे कन्नड मुलखात, सर्जापूर रोडला मुलीकडे राहायला आले. आमची छोटीशी मराठी मंडळी रविवारी दुपारी के. आर. पुरमला एका कन्नड चर्चच्या हॉलमध्ये उपासनेला जमते. आम्हाला स्वतःचा पाळक नाही. म्हणून मी, म्हणजे सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा माणूस, आणि अजून दोघं-तिघं आळीपाळीने उपदेश करतो.

आपला टर्न आला की प्रत्येकाची धाव काकांच्या बाल्कनीतल्या कपाटाकडे.

त्या कपाटात फक्त उपदेशसंग्रह. जुन्या-नव्या पाळकांनी केलेल्या उपदेशांची पुस्तकं. मराठी, इंग्रजी, जाडजूड, फाटकी. एक-दोन तर वाळवीने आमच्याआधीच वाचलेली.

पण मागितलं आणि मिळालं, असं नव्हतं हं.

"शास्त्रपाठ वाचलास?"

"हो काका."

"कुठे?"

"ऑफिसच्या कॅबमध्ये..."

"मग जा घरी. आधी स्वतःची चूल पेटव. शेजारणीकडून वाटीभर भाजी आली तर जेवणाला मजा येते. अख्खं ताटच तिच्याकडून आणायचं नसतं."

(आणि मग काकू मला ताटभर जेवायला वाढायच्या, ते वेगळं.)

दुसऱ्यांदा जाऊन नीट सांगता आलं की काका म्हणायचे, "सरी, सरी." म्हणजे 'बरं, बरं'; ऑटोवाल्यांकडून उचललेलं कन्नड. मग पुस्तक हातात ठेवताना, "स्वल्पच घे हं यातलं."

पुस्तक कसं निवडायचं हे मी त्या बाल्कनीतच शिकलो.

"ज्यात प्रत्येक गोष्टीत पाळकच शहाणा आणि बाकी जग बावळट, ते ठेव परत."

"नुसतं तुझ्या मनासारखं बोलणारं नेऊ नकोस. एखादं तुझ्याशी भांडणारंही ने."

"मोठ्याने वाचून बघ. दम लागला तर ते बोलण्यासाठी लिहिलेलंच नाही."

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नवा संग्रह हातात आला की काका थेट मयतीच्या उपदेशाचं पान काढायचे. नाताळचा आणि लग्नाचा कुणालाही जमतो, म्हणायचे. मयतीचा बघ. पहिल्या बाकावर जी बाई बसलीय तिच्याशी हा माणूस बोलतोय, की तिच्या डोक्यावरून मागे बसलेल्या पाहुण्या पाळकांशी? मागच्यांशी बोलत असेल तर पुस्तक कितीही गाजलेलं असो, कपाटात त्याला जागा नाही.

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. तो किस्सा ते स्वतःच सांगायचे, आणि सांगायच्या आधीच हसायला लागायचे.

तरुणपणी, पहिल्याच मंडळीत, तयारी काही झाली नव्हती. काकांनी एका इंग्रजी संग्रहातला उपदेश उचलला, जसाच्या तसा मराठीत केला आणि रविवारी दणक्यात सुरुवात केली, "काल रात्री माझ्या धाकट्या मुलाने मला विचारलं..."

काकांचं लग्न झालेलं नव्हतं.

आणि नेमके त्याच दिवशी मुलीकडचे लोक त्यांना बघायला म्हणून उपासनेला आले होते.

"धाकट्या म्हणाले!" इथे काकू स्वयंपाकघरातून हमखास ओरडायच्या. "म्हणजे थोरलाही असणारच! माझी आई तर पिशवी उचलून उठलीच."

"मग तुम्ही कशा थांबलात?" मी एकदा विचारलं.

"अरे, घामाघूम होऊन सगळ्यांसमोर म्हणाले, 'माफ करा, मुलगा माझा नाही, पुस्तकातला आहे.' इतकं खरं बोलणारा नवरा मला कुठे मिळणार होता?"

असे हे दोघं. यांच्या घरी जाऊन तोंड पाडून परत आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

काल सकाळी काका गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. मंडळीने ठरवलं, उपदेश मी करायचा. नगरहून मोठे पाळक येतायत, होसकोटेहून कन्नड पास्टर येतायत. माझी पार गाळण उडाली. आज दुपारी सरळ काकूंकडे गेलो आणि म्हटलं, कपाटातलं एखादं पुस्तक नेऊ का?

"ने की. पण काय बोलणार आहेस ते आधी मला सांग."

मी सांगायला लागलो. पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन, विश्वासाची धाव. बरंच काही. काकू मान हलवत ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "ते सगळं खरंय रे. मला एवढंच सांग, तिथे ते मला ओळखतील ना?"

बाल्कनीत एवढी पुस्तकं होती. मी एकही उघडायला गेलो नाही. काकूंच्या खुर्चीजवळ खाली बसलो आणि मला रडू आलं.

"ओळखतील, काकू. आणि तुम्हाला बसूसुद्धा देणार नाहीत. आधी विचारतील, त्या पोराने माझ्या मयतीत उपदेश कसा केला?"

काकू हसल्या. कालपासून पहिल्यांदाच. डोळ्यांना पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या.

"मग नीट कर हो," म्हणाल्या. "मला तिथे जाऊन सांगायचंय."

करतो, काकू.

काका, तुम्ही निवांत झोपा. पुनरुत्थानाच्या सकाळी भेटू.