हळदीचा रकाना

गोविंदा भोईर नोकरीच्या मुलाखतीला आला तेव्हा शुभदाताईंना वाटलं, मानपाड्यात भूकंप झाला आणि वाचलेलं सगळं गाव आसऱ्याला आलं. दोन रिक्षा, एक टेम्पो. पुढे गोविंदाचे काका दाजी, गळ्यात बैल बांधता येईल एवढी सोन्याची साखळी. मागे आई ठमाबाई, केळ्यांचा अख्खा घड घेऊन. मुलगी बघायला यावं तसं सगळ्यांनी कॉम्प्युटरला खालून वर न्याहाळलं.

"जावामध्ये प्रोग्रॅम लिहिता येतो?" शुभदाताईंनी गोविंदाला विचारलं.

"येतो," दाजी म्हणाले. "अजून काय इचारायचाय?"

गोविंदाने त्या दिवशी तोंड उघडलं ते फक्त चहासाठी.

साल नव्याण्णव. शुभदाताईंची कंपनी म्हणजे एमआयडीसीतला एक गाळा. तिथे वधू-वर मंडळांच्या वेबसाइट बनत. गोविंदा तिथे तात्पुरता लागला. दाजींनी घरी निकाल देऊन टाकला होता: पोरगा दिवाळीपर्यंत कायम झाला तर ठीक, नाहीतर शीळफाट्याच्या रेतीच्या दुकानात बसेल. गोविंदाच्या भाकरीत लहानपणापासून रेती येत होती. त्याला कायम व्हायचं होतं.

ताईंची युक्ती सोपी होती. प्रोग्रॅम सगळ्या मंडळांना एकच. खाली मूळ पानांचा थर, त्यावर प्रत्येक मंडळाचा आपला थर, सतरंजीवर चादर टाकावी तसा. मंडळाच्या थरात पान सापडलं तर ते दिसायचं, नाही सापडलं तर खालचं मूळ पान. मात्र दोन्हीकडे पानाचं नाव तेच लागे, त्याशिवाय वरचं खालच्याला झाकत नसे.

"मूळ थराला हात लावायचा नाही," ताई बजावत. "वेगळं काय हवं ते वर टाक."

वेगळं सगळंच दाजींना हवं असायचं, कारण आगरी मंडळाचे अध्यक्ष तेच. सोमवारी रंग भगवा, मंगळवारी पिवळा. गोविंदा सकाळी बदले, संध्याकाळी पुन्हा बदले, आणि घरी जेवताना दाजी तिसरा रंग सांगत. ऑक्टोबरात त्याचे डोळे इतके जड झाले, की ठमाबाईने दोनदा मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

मग एका दुपारी दाजी स्वतःच गाळ्यात येऊन शेजारी बसले.

"आमच्यात गोत्र-बित्र कोन इचारतो रं? हलदीचा इचार. हलदीला मटान किती किलो, त्यावर घर कलतं."

गोविंदाने फॉर्मचं पान उघडलं, गोत्र काढलं, हळदीचा रकाना घातला.

"दिसत नाय," दाजी म्हणाले.

पुन्हा केलं. तरी दिसेना. मंडळाच्या थरातली जुनी प्रत आड येतेय, एवढं त्या शिणलेल्या डोक्याला कळलं. त्याने ती पुसून टाकली. लगेच पडद्यावर हळद आली.

"आता कसा," म्हणत दाजी उठले. गोविंदा टेबलावर डोकं ठेवून झोपला. आपण हळद मूळ थरात घातलीय, ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

आठवड्याने अण्णा आले. पेन्शनरांनी आपल्या मुलांच्या लग्नांसाठी काढलेल्या मंडळाचे ते चिटणीस. त्यांच्या मंडळात गोत्र बघितल्याशिवाय कोणी कांदेपोह्यांनाही बसत नसे. मूळ फॉर्म त्यांच्यासाठीच लिहिलेला, म्हणून त्यांना वेगळा थर नव्हता.

"शुभदा, आमच्या सभासदांना मटण किती किलो, असं विचारतायत."

"मग त्यांनी काय केलं?"

"काय करणार? रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सगळ्यांनी शून्य लिहिलं. देशपांड्यांच्या धाकट्याने पाच लिहिलंय. त्याच्या घरी कोणी कोणाशी बोलत नाहीये."

ताईंनी चष्मा काढला. "गोविंदा, कुठे बदललंस?"

"खाली," गोविंदा म्हणाला. "वरचं पुसलेलं मीच."

ताई रागावल्या नाहीत. रागावायलाही त्राण लागतं. फॉर्म पाच मिनिटांत दुरुस्त झाला, पण अण्णांचं मंडळ गेलं आणि गाळ्यातलं अर्ध्याहून जास्त काम त्यांचंच होतं.

"कायम नाही करता येणार रे," त्या म्हणाल्या.

"फारम झ्याक झालेला," दाजी घरी म्हणाले, आणि दुकानाची किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

दिवाळीनंतर गोविंदा शीळफाट्याला रेतीच्या दुकानात बसू लागला. अजून तिथेच बसतो.