कोटावरचं पाणी

तो गेम मला पहिल्या पाच मिनिटांत आवडला नाही आणि पुढचे सहा दिवस मी तो चिडून खेळलो. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी कॉम्प्युटर गेमची परीक्षणं लिहायचो. जिल्ह्यात हा उद्योग करणारा माझ्या माहितीत मी एकटाच, म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी. कौतुक केलं की कुणी वाचत नाही आणि शिव्या घातल्या की लोक कात्रण खिशात घालून हिंडतात, हे मला लवकर कळलं होतं. म्हणून मी शिव्या घालायचो.

घरी कॉम्प्युटर नव्हता. राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत कोपऱ्यातलं मशीन माझ्यासाठी ठेवलेलं असे आणि नवीन गेम कॅफेचा मालकच कुठून कुठून आणून घालायचा. कुठून, ते मी विचारत नव्हतो. या गेमची जाहिरात अशी की हा गेम नसून सिनेमाच आहे. हिरो माजी पोलीस, लांब कोट, हातात बंदूक. कॅमेरा कायम त्याच्या मागे, त्यामुळे सहा दिवस मी एका परक्या माणसाची पाठ बघितली. एक टप्पा संपला की पडदा काळा व्हायचा आणि साहेब थेट दुसऱ्याच गावात. का आला, कुणाला मारायला आला, पत्ता नाही. एका पुलावर एक माणूस हात वर करून गप उभा होता. त्याला गोळी घातल्याशिवाय पुढचं फाटक उघडत नव्हतं. मी घातली.

रविवारी परीक्षण आलं, अर्धं पान. 'यात सिनेमा औषधालासुद्धा नाही. एकही दृश्य नाही, एकही संवाद नाही. आहे म्हणून जो सांगेल तो थापा मारतो,' असं मी लिहिलं. पुलावरच्या माणसाला खांब म्हटलं. लोक खूश झाले, मीही झालो.

गुरुवारी कचेरीत एक गृहस्थ आले. धोतर, टोपी, काखेत कापडी पिशवी. मुरगूडजवळच्या एका गावातले, तिथल्या दूध संस्थेत रोज दुधाचं माप घेणारे. हातात माझं कात्रण.

"पावणं, ह्ये तुम्हीच लिवलंय व्हय?"

मी मान डोलावली. मला वाटलं, सही मागतायत.

"माझी लेक पुण्यात हाय. ह्या गेममधी पिच्चर हाय न्हवं, त्येची चित्रं करणाऱ्यात हाय ती. मी गावभर सांगितलंय. आता रोज सकाळी रांगेत किटली म्होरं करत लोकं इचारत्यात, पेपरवाला म्हणतोय पिच्चरच न्हाय, मग तुझी पोरगी पुण्यात करती तरी काय?"

शेवटचं वाक्य त्यांनी खाली बघून म्हटलं. त्याचा अर्थ मला कळला होता. तरी मी ताठ्यात म्हणालो, "काका, मी सहा दिवस खेळलोय. नाही म्हणजे नाही."

त्यांनी पिशवीतून गेमचा खोका काढला. लेकीनं पाठवलेला, अस्सल. वरचं प्लॅस्टिक तसंच, त्यावर हळद-कुंकवाची बोटं. वाडीला दत्ताच्या पायाशी ठेवून आणलेला आणि तेव्हापासून देव्हाऱ्यात. पोरीची पहिली कमाई म्हणून. घरात कॉम्प्युटर नसल्यानं फोडायचा प्रश्नच आला नव्हता.

मी त्यांना कॅफेत घेऊन गेलो, खरं सांगायचं तर त्यांना खोटं पाडायलाच. प्लॅस्टिक एका कडेनं फाडण्याआधी त्यांनी खोक्याला हात लावून नमस्कार केला. आत तीन सीड्या निघाल्या. मी खेळलो तो गेम एका सीडीत होता.

मालक म्हणाला, "एका सीडीत बसायला पायजे म्हणून आतला पिच्चर आन बोलणं काढून टाकलेलं असतंय की. पोरास्नी गोळ्याच मारायच्या असत्यात. एवढं म्हाईत न्हाय व्हय तुम्हाला?"

नव्हतं. परीक्षक होतो ना मी.

मग मालकानं सीड्यांतल्या दृश्यांच्या फायली एकेक करून लावल्या आणि आम्ही बघत बसलो. दर टप्प्यानंतर दृश्य होतं, संवाद होते. पुलावरचा तो खांब हिरोचा थोरला भाऊ निघाला. भर पावसात तीन-चार मिनिटं तो बोलतो, केलेलं कबूल करतो आणि तूच मार म्हणून हात वर करतो. काकांना इंग्रजी समजत नव्हतं. भाऊ मेला त्याच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. ते पडद्याला बोट लावून म्हणाले, "त्ये बघा, कोटावरनं वघळतंय त्ये पाणी. त्ये तिनं केलंय. चार म्हैनं तेवढंच करत हुती."

गेम तरीही भिकारच होता, हे मी आजही सांगेन. पण पाणी खरं होतं. आणि शेवटी नावं सरकली त्यात तिचं नाव होतं. मी ते वाचून दाखवलं. काकांनी परत वाचायला लावलं.

संपादकांना मी पानभर कबुली लिहून दिली. ते भडकले. "चोरीच्या सीडीवर परीक्षण केलं, असं आपण आपल्याच पेपरात छापायचं? डोकं फिरलंय काय?" शेवटी दोन ओळी आल्या, छोट्या निधनवार्तांच्या खाली: गेल्या वेळच्या परीक्षणातील गेममध्ये चित्रित दृश्ये आहेत, चुकीबद्दल दिलगीर आहोत. मी भांडलो नाही. सदर टिकवायचं होतं मला.

आठवड्यानं काका पुन्हा आले.

"दावलं की समद्यास्नी. म्हणत्यात, अर्धं पान लिवलं त्ये खरं. ह्या दोन ओळी तू जाऊन पाया पडलास म्हणून छापल्यात." त्यांनी पिशवीतून तो खोका काढून माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही एकदा येता काय? सकाळी सातला डेअरीवर समदी असत्यात. तुमच्या तोंडानं सांगितलं तर आयकतील. खोका ठिवा तुमच्याकडं, येताना घिऊन या. संस्थेच्या कॉम्प्युटरवर लोकास्नी नाव दावाय येईल."

मी सोमवारी येतो म्हणालो. एसटी कितीची, तेही विचारून घेतलं. त्यांनी गाडी सांगितली, कुठं उतरायचं ते सांगितलं आणि चहा घरी घ्यायचा म्हणाले.

रविवारी संध्याकाळी मी सारखा तो देखावा मनात आणत होतो. किटल्या घेऊन उभी रांग आणि तिच्यापुढं मी, चोरीची सीडी खेळून एका पोरीला थापाडी ठरवणारा शहाणा. दुसऱ्याची अब्रू अर्ध्या पानात काढली होती. स्वतःची चारचौघांत काढायची म्हटल्यावर अंगात ताप असल्यासारखं वाटायला लागलं. ताप नव्हता. मी हात लावून बघितलं होतं.

मी गेलो नाही. त्या सोमवारी नाही आणि पुढच्याही नाही. काका मागायला आले नाहीत. खोका माझ्याकडेच आहे. कुंकू अजून पुसलेलं नाही.