भंगाराच्या गोडाऊनमधले माझे मुके सोमवार

यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी महादेवाला बोलले होते, "यांना स्वतःच्या हातानं दुकानाचं शटर वर करू दे. तोवर दर सोमवारी दिवा लागेपर्यंत मी तोंड उघडणार नाही." उपास काय, सगळ्याच करतात. मला बोलायची भारी हौस, म्हणून मी सोडायचं ते बोलणंच सोडलं. देवाला द्यायचं तर आपल्याला जड जाईल असं काहीतरी द्यावं ना!

फक्त नवस बोलताना एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. शिरूरला आमचं ग्रिल-दरवाज्यांचं दुकान. तेव्हा आमच्या भागात सोमवारी लाइट नसायची, म्हणून दुकान सोमवारी बंद. आणि दुकान बंद म्हणून साठलेलं भंगार विकायचा वारही सोमवारच. हे अंथरुणावर. धाकटे दीर दुकान बघायचे, पण सोमवारी ते शेतावर. म्हणजे टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून न्हावऱ्याच्या रस्त्याला भंगारवाल्याकडे जायचं ते मी. आणि तेही तोंड मिटून.

अँगलचे तुकडे न् पत्र्याची कातरणं दुकानाच्या कोपऱ्यात कशी साठतात, कळत नाही. एक दिवस बघावं तर ढीग झालेला असतो. त्या गोडाऊनमधले किस्सेही माझ्याकडे असेच साठलेत. आज तुम्ही निवांत बसलाच आहात, तर थोडे ऐका.

*

पहिला सोमवार. काट्यावर सखाराममामा होते. डोक्याला मुंडासं, कानावर पेन्सिल, हातात सुतळीला बांधलेलं लोहचुंबक. गोडाऊनचे मालक आबा म्हणजे त्यांचे थोरले चुलतभाऊ. घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. आबांनी मेंढरं विकून हा धंदा टाकला आणि सगळ्या भावकीला कामाला लावलं.

मामांनी विचारलं, काय काय आणलंय. मी हातानं टेम्पोकडे दाखवलं. लोखंड का पत्रा, त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मामांना वाटलं, बाईला ऐकू येत नाही. ते माझ्या कानाशी येऊन ओरडले. गोडाऊनमध्ये एरवीही सगळे ओरडूनच बोलतात. एकीकडे घण, दुसरीकडे गॅसचं कटर, मध्येच पत्रे आदळतात. आता दोन कामगार मामांच्या मदतीला धावले आणि तिघं मिळून माझ्या कानात ओरडायला लागले, "लो-खं-ड का प-त्रा?"

शेवटी मी खाली बसले. तिथल्या तांबड्या मातीत बोटानं महादेवाची पिंड काढली, वर बेलाचं पान काढलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मामांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"आरं, गप ऱ्हावा रं समदी. वैनीचं देवाचं हाय," ते म्हणाले. आणि मग स्वतःही गप झाले! बोलायची बंदी मला होती, त्यांना नव्हती, पण हे सांगणार कसं? माझा सगळा माल त्या दिवशी हातवाऱ्यांवर मोजला गेला. घण थांबला, कटर थांबलं. तेव्हापासून ती रीतच पडली. नवा माणूस कामावर आला की मी मातीत पिंड काढायची, आणि मामा त्याला दटावायचे.

बाजेवर पडलेले आबा दुपारी उठून म्हणाले, "धंदा टाकल्यापास्नं आज पयल्यांदा डोळा लागला माझा. वैनी, रोज येत जावा."

*

त्या गोडाऊनची एक पद्धत मला फार आवडते. मोडीत देवाची वस्तू आली तर ती काट्यावर घालत नाहीत. धुऊन भिंतीतल्या फळीवर ठेवतात. हात तुटलेला कृष्ण, झिजलेले टाक, केडगावकडच्या मालातून आलेला एक पितळी क्रूस, सगळे तिथे शेजारी शेजारी. मामा येताजाता सगळ्यांना एकच नमस्कार करतात.

एका सोमवारी आमच्याच ढिगातून पितळी गणपती निघाला. दुकानाच्या देव्हाऱ्यातला. दिरांनी कोपरा झाडताना तो कसा भंगारात गेला, देव जाणे. मामांनी चुंबक लावलं, चिकटेना. पुसून बघतात तर गणपती! लगेच धुतला आणि फळीवर ठेवला. माझा जीव वरखाली. मी गणपतीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे दाखवलं, परत गणपतीकडे दाखवलं.

मामांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांनी हात धुतले, मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या पदरात घातली. "न्या, न्या. तुमच्याकडं पूजा तरी व्हईल."

गुरुवारी मी नैवेद्याचे पेढे घेऊन मुद्दाम गेले आणि सांगितलं, की मामा, तो गणपती आमचाच होता.

मामा विचारात पडले. "म्हंजी आमी तुमचाच देव तुमाला दान दिला?"

"हो ना."

"मग पुन्याचं कसं व्हायचं? आर्धं आर्धं करू."

*

त्याच गुरुवारी, मी बोलत होते तिथे मागं धाडकन पाइप पडला. वळून बघते तर रामसूरत. उत्तर प्रदेशातला, नवाच लागलेला. बायको-मुलीला घेऊन पुण्याला कामाला निघाला होता. दौंडला पाणी भरायला तिघं उतरली आणि गाडी सुटली. आबा रेल्वेच्या भंगारासाठी दौंडला गेले होते, त्यांनी फलाटावरून तिघांना उचलून शिरूरला आणलं. आबा म्हणायचे, दौंडवरून आणलेल्या मालात हा सगळ्यात चांगला निघाला.

तर या रामसूरतनं मला फक्त सोमवारीच पाहिलं होतं, आणि मातीतल्या पिंडीचा अर्थ त्यानं 'मुकी बाई देवाकडे आवाज मागते' असा लावला होता. पाइप तिथेच टाकून तो हात जोडून समोर आला.

"माताजी, आपकी आवाज आ गई? किस भगवान ने दी?"

मामा हसून हसून खाली बसले. मीही हसले. पण रामसूरत हसला नाही. त्यानं पत्र्याच्या खोलीतून मुलीला आणलं. गुडिया. चार वर्षांची, केसांना तेल, डोळ्यांत काजळ. आजवर एक शब्द बोलली नव्हती. तुम्ही जिथे गेलात तिथे मी अनवाणी जाईन, तो सांगत होता, फक्त जागा सांगा.

मी त्याला खरं ते सांगितलं. मी मुकी नव्हतेच. माझं तोंड मीच बंद केलं होतं. त्यानं मान डोलावली, "अच्छा" म्हणाला आणि पाइप उचलून कामाला लागला. खरं बोलून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. निघताना मामा म्हणाले, काही पोरं उशिरा बोलतात, व्हईल. सगळे तेच म्हणत होते. मीही तेच म्हटलं.

*

गुडिया कुणाकडे जायची नाही, पण सोमवारी टेम्पो आला की माझा पदर धरायची. माझे हात चाललेले बघून तिनेही हात चालवायला सुरुवात केली. भाकरी, शेळी, बांगडी, विमान, सगळं आमचं हातांनी. ओठांवरून दोन बोटं फिरवून पीळ दिला, की आबा. मिशा बघा त्यांच्या तशाच. गंमत म्हणजे सोमवार सोडून एरवी कधी मी बोलत गेले, की ती माझ्या तोंडाकडे बघून बाजूला सरकायची. मला वाटायचं, लाजते.

गोडाऊनमध्ये तिची ख्याती होती झोपेबद्दल. शेजारी घण चालू असला तरी पोर ढिम्म हलायची नाही. एका सोमवारी ट्रकमधून एक जुना बॉयलर उतरवताना साखळी सुटली. असा आवाज झाला, की पत्रे थरथरले, कुत्रं पळालं, आबा बाजेवरून उठून उभे राहिले. आणि गुडिया लाकडी बाजेवर, पोत्यांच्या थप्पीवर, गाढ झोपलेली.

"झोप आसावी तर आशी," आबा कौतुकानं म्हणाले. सगळे हसले. रामसूरतही हसला.

मी मात्र गार पडले. एवढ्या दिवसांच्या गोष्टी एकदम जागेवर बसल्या. तोंडाशी शब्द आले, आणि आठवलं, सोमवार आहे. दिवा लागायला वेळ होता. डोळ्यांपुढे यांची पाठ, ते बंद शटर. मोडू का नवस? मग वाटलं, एवढे दिवस या माणसांशी मी कशानं बोलतेय?

गुडिया उठून लोखंडी पत्र्यावर नट मांडून खेळायला बसली, तशी मी रामसूरतला हाताला धरून आणलं. हातोडा घेतला आणि तिच्या पाठीमागे टांगलेल्या पत्र्यावर मारला. सगळं गोडाऊन वळून बघायला लागलं. गुडिया वळली नाही. रामसूरतला वाटलं, खेळ चाललाय. मी परत मारला. आता त्याचं हसू गेलं. त्यानं हाक मारली, "गुडिया." मग मोठ्यानं, "गुडिया!" ती एकेक नट बोल्टवर चढवत राहिली.

मी ती बसली होती त्या पत्र्यावर पाय आपटला. पत्रा हादरला. ती लगेच वळली, आम्हाला बघून हसली आणि ओठांवरून बोटं फिरवून आबांच्या मिशांना पीळ दिला.

मामांनी मुंडासं काढून हातात घेतलं. शेवटी आबा म्हणाले, "कळपात बी आसं एखादं कोकरू आसतंय. हाकंमागं येत न्हाई, आईच्या पायामागं चालतंय. आन् आमी म्हनलो, झोप चांगली." मग रामसूरतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या पुन्याला जायचं. टेम्पो काढा."

*

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून कानाचं मशीन दिलं. तेव्हा छातीला बांधायची डबी असायची, तिच्यातून कानापर्यंत वायर. सगळं ऐकू येईल असं नाही, त्यांनी आधीच सांगितलं, पण काहीतरी येईल. मी खणाची पिशवी शिवून दिली त्या डबीला.

पहिल्या दिवशी डबी सुरू करून गुडियाला बाहेर आणलं, तर घणाच्या आवाजानं ती कान झाकून रडायला लागली. तिला काय ठाऊक, जग एवढं ओरडतं! मामांनी त्याच दिवशी घणाला गोणपाट गुंडाळलं. गुडिया अंगणात असली की कटर बंद. पत्रे फेकायचे नाहीत, दोघांनी धरून ठेवायचे. भंगारवाल्यांकडे एवढी शांतता असते का कुठे?

वरवंडचं एक गिऱ्हाईक दारात गाडी थांबवून हळूच विचारायला लागलं, "मामा, कुनाचं काय झालंय का?"

मामा तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "व्हय. पोरीला ऐकू यायला लागलंय."

*

पुढच्या वर्षी ती पुण्याला बहिऱ्या मुलांच्या शाळेत राहायला गेली. आणि आमच्याकडे एका सकाळी मी चहा घेऊन बाहेर येते तर शटर वर. हे स्वतः उभे, हात काळे, चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. मी कप तसाच ठेवला आणि आधी देवापुढे जाऊन बसले.

उद्यापनाला सगळं गोडाऊन जेवायला बोलावलं. मेहूण म्हणून रामसूरत आणि त्याची बायको पाटावर बसली. पुरणपोळी वाढताना मामांनी विचारलं, "म्हंजी आता सोमवारी बी बोलनार तुमी? आबांची झोप गेली म्हना की."

पुढच्या सोमवारी माल घेऊन हे आणि मी, दोघं गेलो. टेम्पोतून उतरल्यापासून माझी टकळी सुरू. दोन वर्षांचे सोमवार तुंबलेले होते आत. मामांना काय सांगू न् आबांना काय.

गुडिया सुट्टीला आली होती. सकाळपासून फाटकाशी टायरवर बसून टेम्पोची वाट बघत होती म्हणे. खणाची पिशवी छातीवर. शाळेच्या गोष्टी बोटांवर तयार. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं गंजानं तांबडा झालेला तळहात उचलून माझ्या ओठांवर ठेवला. हात तसाच ठेवून खाली वाकली, मलाही वाकवलं, आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं मातीत पिंड काढली. वर बेलाचं पान.

गुडिया आता मोठी झालीय, पण ती आली की आमचा सोमवार अजून मुकाच असतो. या दिवाळीत ती येणार आहे. तुमच्याकडेही मोडकी बादली, गंजलेली शेगडी, काहीतरी पडलेलं असेलच. सोमवारी घेऊन चला माझ्याबरोबर. फक्त टेम्पो न्हावऱ्याच्या रस्त्याला वळला, की तुम्हीही बोलू नका.