डाव्या बाजूची बटणं

कॉलर दोन बोटांच्या चिमटीत धरून तो जराशी पुढं ओढायचा आणि म्हणायचा, "कापड बघू नगंस, शिवण बघ."

समोरच्यानं काही विचारलेलं असो वा नसो, हे वाक्य ठरलेलं. कॉलर तरी कसली! कुत्र्याच्या कानासारखी दोन्हीकडं लोंबणारी. खाली घोळदार बेलबॉटम. त्याच्या खिशांवर वेगळ्याच कापडाच्या पट्ट्या. गालांवर कानाच्या पाळीखाली उतरलेले कल्ले. सत्तरची नुकती उलटलेली वर्षं ती. आमच्या भागात अजून पांढरा शर्ट आणि खाकी किंवा करडी पँट यापलीकडं पोरांची मजल गेली नव्हती. असा एखादा वल्ली तुम्हीही पाहिला असेल. रस्त्यानं चालला की टपरीवरच्या चहा पिणाऱ्यांच्या माना एका दिशेनं वळायच्या, तसला.

बेलापुरात मिशनच्या आवारात आमच्या खोल्या एकमेकींना लागून होत्या. त्याच्या आईचं हातानं फिरवायचं शिवणयंत्र होतं. ती आवारातल्या बायकांचे परकर-पोलकी शिवायची. दुपारी तिचा डोळा लागला की यंत्र ह्याच्या ताब्यात. भिंतीपलीकडून खडखड ऐकू आली की मी ओळखायचो, उद्या कॉलेजात काहीतरी नवं दिसणार.

कॉलेज श्रीरामपूरला. आम्ही एकाच सायकलवर डबलसीट जायचो. साखळीत अडकू नये म्हणून तो बेलबॉटम गुडघ्यापर्यंत दुमडून घ्यायचा. उघड्या काळ्या पोटऱ्या घेऊन पायडल मारणारा हा गडी भातलावणीला निघालाय असं वाटायचं. कॉलेजच्या फाटकाच्या अलीकडं लिंबाखाली उतरायचा, पँट खाली सोडायचा, केसांतून कंगवा फिरवायचा, आणि तिथून पुढं तो वेगळाच माणूस.

"आला, फॉरेन आला!" पोरं ओरडायची. कॉलेजात त्याला त्याच्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. फॉरेनचा एक मामा बोटीवर आहे, तो कापडं पाठवतो, अशी बातमी पसरली होती. ती त्यानं पसरवली नव्हती, पण खोडूनही काढली नव्हती.

आता तो फॉरेनचा माल कुठून यायचा ते सांगतो. सांगायला आजही जड जातं.

नाताळाच्या आधी आवारात गाठोडं यायचं. परदेशातल्या चर्चच्या लोकांनी आपली वापरून झालेली कापडं आमच्यासाठी पाठवलेली असायची. दोरी कापली की डांबरगोळ्यांचा वास सुटायचा. पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांच्या पत्नी, एकेक कपडा हवेत उंच धरायच्या आणि विचारायच्या, "हा कुणाला होईल?" सगळं आवार त्या कपड्याकडं बघून मनातल्या मनात आपलं अंग मोजायचं. ज्याला व्हायचा तो पुढं जायचा. ज्याला व्हायचा नाही तोही जायचा. मी सगळ्यांच्या मागं उभा राहायचो, पण हात मात्र पुढं असायचा. तो हात आठवला की अजून कानशिलं तापतात.

हा त्या वाटपाला कधी आला नाही. त्याची आई यायची. सगळ्यांनी नाकारलेलं तिच्या वाट्याला यायचं. दोन माणसं मावतील असा ओव्हरकोट, गुडघ्यावर फाटलेली पँट, कसले कसले झगे. तो दाराला कडी लावून बसायचा आणि ब्लेडनं शिवण न् शिवण उसवायचा. गळ्यामागचं लेबल आधी चुलीत. मग कापड उलटं करायचं, धुवायचं, पुन्हा बेतायचं. ज्यानं तो कपडा परदेशात घातला असेल तो स्वतः समोर आला असता, तरी त्याला आपला कपडा ओळखता आला नसता.

"एवढी खटपट कशाला करतोस? आहे तसा घालावा की," मी एकदा म्हणालो.

"तू घाल. तुला चालतंय," तो सुईत दोरा ओवत म्हणाला. मग दोऱ्याला गाठ मारत म्हणाला, "हे बघ, दुसऱ्यानं टाकलेलं घालतो असं तिथं कुणाला कळलं ना, तर त्या फाटकातनं मी पुन्यांदा आत जायचो न्हाई. तुला म्हणून सांगतो."

मी मान हलवली. मी तरी कुणाला काय सांगणार होतो? माझ्या अंगातला निळा स्वेटर, छातीवर पांढऱ्या हरणांची रांग असलेला, त्याच गाठोड्यातला होता. आमच्या तालुक्यात तसलं हरिण कुणी पाहिलेलं नव्हतं.

त्या वर्षी त्याच्या आईच्या वाट्याला एक तपकिरी कोट आला. कापड असं की हात फिरवत राहावं. तो चार दिवस त्या कोटाभोवती घिरट्या घालत होता. छातीला दोन्हीकडं चुण्या होत्या, त्या त्यानं उसवल्या. "गोऱ्या लोकांची छाती लई भरदार असती बग," असं मला समजावून सांगितलं. मलाही ते पटलं. लांबी कापली, खांदे वाढवले. फक्त बटणं काही हलवता येईनात. काजं उजव्या बाजूला होती, बटणं डाव्या. आपल्या शर्टांच्या नेमकं उलट. काजं बुजवावीत तर त्या कापडावर डाग दिसला असता.

"ऱ्हाऊ दे," शेवटी तो म्हणाला. "तिकडची फॅशनच हाय ती."

आणि झालीच की ती फॅशन! कोट कॉलेजात गेला त्या दिवशी एका बागाईतदाराच्या मुलानं त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. हा मुलगा म्हणजे आमच्या वर्गाचा पुढारी. ऊस, बुलेट, मनगटावर सोनेरी घड्याळ. त्यानं बटणांवर बोट ठेवलं. "हे उलटं कसं काय?"

"तिकडं असंच असतंय," ह्यानं कॉलर चिमटीत धरली. "कापड बघू नगंस..."

आठवड्याभरात बागाईतदाराच्या मुलानं आणि त्याच्या टोळक्यातल्या चौघांनी बेलापूरच्या शिंप्याकडं डाव्या बटणांचे शर्ट शिवायला टाकले. शिंपी म्हणाला, "उलटं हुईल की रं पोरांनो!" पोरांनी त्याला वेड्यात काढलं. तुम्ही हसाल, पण आम्हाला कुणाला कळायचं कारणच नव्हतं. आमच्या आया-बहिणी लुगडी-चोळ्यांतल्या. बटणांचा कोट घातलेली बाई कुणी जवळून पाहिलीय?

ते पाच-सहा आठवडे त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. पोरं त्याच्याकडं सल्ला मागायला यायची. खिसा तिरपा ठेवू का, घोळ किती घेऊ. तो जमिनीवर काडीनं आकृती काढून दाखवायचा. ज्यांच्यात मिसळायचं म्हणून हा जीव टाकत होता, तेच आता ह्याच्यासारखं दिसायला धडपडत होते. सायकलचं पायडल मारता मारता तो शीळ घालायचा.

गॅदरिंगच्या दिवशी सगळे नटून आले. मैदानावर मांडवाच्या कडेला हा तपकिरी कोटात, भोवती डाव्या बटणांचे ते पाच शर्ट, आणि थोडा मागं मी, हरणांच्या स्वेटरात. त्याच आठवड्यात पुण्याहून एक मुलगा वर्गात आला होता. वडिलांची बदली साखर कारखान्यावर झालेली. तो बोलता बोलता थांबला, एकेकाच्या छातीकडं पाहत गेला आणि एकदम खो खो हसत सुटला.

"अरे, ही तर लेडीज बाजू! बायकांच्या कोटाला असतात अशी बटणं. तुम्ही सगळ्यांनीच कशी काय...?"

त्याच्या हसण्यात वाईटपणा नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं. पण शेजारच्या खुर्च्यांवरच्या मुली वळल्या, आणि त्यांतली एक तोंडावर पदर धरून हसली. पाच जणांचे हात एकदमच आपापल्या छातीवर गेले.

बागाईतदाराच्या मुलाचा चेहरा लालबुंद झाला. "फॉरेन, कुठनं आणला रं तू ह्यो कोट?"

ह्याची दोन बोटं सवयीनं कॉलरकडं गेली. "कापड बघू..." एवढंच म्हणाला. मग बोटं खाली आली.

"मामानं धाडला का? मामीचा हाय का मामाचा?"

सगळे हसले. त्यानं एकदा फाटकाकडं पाहिलं. पळून जाईल असं मला वाटलं. मी असतो तर पळालो असतो.

"मामा-बिमा कोणी न्हाई," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "मिशनात गाठोडं येतं. परदेशातली जुनी कापडं. त्यातला हाय. असंल कुना बाईचा. मला म्हाईत नव्हतं."

हसणं थांबलं, ते जास्त वाईट होतं. बागाईतदाराच्या मुलाची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि हरणांवर थांबली. "आन ह्याचा सेटर? ह्योबी त्यातलाच?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं, एवढं खरं. पण हाच मधे पडला.

"त्याचा सेटर त्याच्या मावशीनं विनलाय. गाठोडं आमच्या एकट्याच्याच घरी येतं. त्यांचं खाऊनपिऊन बरं हाय."

"अरे..." मी म्हणालो.

"तू गप रं," तो माझ्यावरच डाफरला. "एवढं मावशीनं डोळं फोडून विनलंय, त्याला कशाला नावं ठेवतूस?"

मला मावशी नाही. माझी आई एकुलती एक.

परतीच्या वाटेवर सायकल मी चालवली. मागं तो कोटाची घडी मांडीवर घेऊन बसला होता. थंडी होती, तरी अंगात नुसता शर्ट. अंगातला स्वेटर ऊब देत होता, आणि त्या उबेची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो पांढरा शर्ट आणि करडी पँट घालून फाटकातून आत शिरला. पुन्हा आत जाणार नाही म्हणाला होता, पण गेला. परीक्षा जवळ आली होती आणि आईनं फी भरलेली होती. पोरं काही दिवस त्याला 'गाठोडं' म्हणाली. मग तेही थांबलं, कारण पांढऱ्या शर्टातल्या पोराला हाक मारून दाखवावं असं त्यात काही उरलं नव्हतं. तो अगदी सगळ्यांसारखा झाला. शिंप्यानं त्या पाच शर्टांची बटणं काही फिरवून दिली नाहीत. "म्या आधीच सांगितलं हुतं," एवढंच म्हणाला.

भिंतीपलीकडची दुपारची खडखड बंद झाली. मी कान देऊन बसायचो. यंत्र चालायचं ते संध्याकाळी, आणि तो आईचा हात असायचा.

परीक्षा झाली आणि तो नगरला गेला. नागापूरच्या नव्या कारखान्यांपैकी एकात चिकटला. वर्षभरानं काही कामासाठी मी नगरला गेलो, तेव्हा त्याला भेटायला कारखान्याच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि माणसांचा लोंढा बाहेर आला. सगळे खाकीत. त्याला गर्दीत शोधायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. एरवी तो अर्ध्या कोसावरून ओळखू यायचा. मी चेहरे चाळत राहिलो. शेवटी त्यानंच मला शोधलं.

कल्ले गेले होते. खाकी शर्ट अंगावर लोंबत होता. खांदे दंडापर्यंत उतरलेले, बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. आम्ही टपरीवर चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मला राहवेना.

"अरे, हे काय ध्यान! शर्ट जरा आत घ्यायचा की. तुला काय अवघड आहे?"

तो हसला. आणि कितीतरी दिवसांनी त्याची दोन बोटं कॉलरकडं गेली.

"शिवण बघू नगंस," तो म्हणाला. "कापड बघ. कोरं हाय. माझ्या आधी कुनी घातलेलं न्हाई."

मी खाली बघून चहा ढवळत बसलो. ढवळायला चमचाही नव्हता, नुसताच कप फिरवत होतो. त्याच्या त्या सगळ्या थाटामाटाला मी इतकी वर्षं हौस समजत होतो. बरोबरीच्या पोरांसारखा एक कोरा शर्ट, एवढंच त्याला हवं होतं. तो मिळत नव्हता म्हणून बिचारा तऱ्हा करत होता. भिंतीला भिंत लावून राहून मला ते कळलं नव्हतं.

भोंगा झाला. खाकीचा लोंढा परत दारातून आत जायला लागला आणि तो त्यात शिरला. पुढं तो नोकरी सोडून दुसरीकडं कुठं तरी गेला, आई गेल्यावर त्यांची खोलीही दुसऱ्या कुणाला मिळाली, आणि आमची गाठ पुन्हा पडली नाही. त्या दिवशी मात्र मी बराच वेळ बघत उभा होतो. सगळ्या पाठी सारख्याच दिसत होत्या. इतक्यात त्यांतून एक हात वर आला. ढगळ बाही घसरून पार कोपरापर्यंत खाली आली.

"मावशीला सलाम सांग रं!" तो ओरडला.

"सांगतो!" मीही ओरडलो. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. तोवर हात खाली गेला होता, आणि त्या खाकीतला तो कुठला, ते मला ओळखता येईना.