सेटवरची व्हीलचेअर, घरातली काठी

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर एमआरआय उघडला आणि पेनाच्या टोकाने तीन-चार पांढरे ठिपके दाखवले. "मल्टिपल स्क्लेरोसिस." आमचे चेहरे बघून त्यांनी टेबलावरची चार्जरची वायर उचलली. "नसांवर असंच कव्हर असतं. शरीराची प्रतिकारशक्तीच ते कुरतडते. मग मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही."

सुषमा, माझी बायको, शांतपणे ऐकत होती. मी मात्र एक प्रश्न विचारला, त्याची मला आजही लाज वाटते. "डॉक्टर, एखादा मोठा धक्का बसला तर पाय पुन्हा पहिल्यासारखे होतील का?"

"हे सिरियलमध्ये होतं," ते म्हणाले.

घोडबंदर रोडवरच्या एका स्टुडिओत मी सिरियलच्या सेटवर प्रॉपर्टीचं काम करतो. समई, सोफा, औषधाच्या बाटल्या, जे लागेल ते सेटवर आणायचं आणि जागच्या जागी मांडायचं. त्या दिवसांत आमची नायिका व्हीलचेअरवर होती. तिला नक्की काय झालंय हे लेखकालाही ठाऊक नव्हतं. व्हीलचेअर मीच भाड्याने आणलेली. सेटवरचे दरवाजे प्लायवूडचे, हवे तेवढे रुंद, त्यामुळे ती कुठे अडकायची नाही. त्या घरात संडास नव्हता. मालिकेतल्या घरात तो कधीच नसतो.

सुषमा मानपाड्याला आमच्या घरीच ब्लाउज शिवते. पहिलं लक्षण तिला मशीनवर कळलं. "अहो, उजव्या पायाखाली पायडल लागतच नाहीये." मी म्हटलं, बसून बसून मुंग्या आल्या असतील. महिनाभर आम्ही तेल चोळलं. मग एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, सुईत दोरा जाईना, तेव्हा कुठे आम्ही ठाण्याला डॉक्टरांकडे गेलो. तेल चोळण्यात गेलेला तो महिना माझ्याच खात्यावर आहे.

लंबर पंक्चर झालं, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून पाणी काढतात. नावाने वाटतं तेवढं ते भयंकर नसतं, घाबरू नका. नंतर पाच दिवस स्टेरॉइडचं सलाईन. खाली वेटिंग रूममध्ये टीव्हीवर आमचीच मालिका चालू असायची. एक आजी म्हणाल्या, "उठेल ती. मनाची ताकद आहे तिच्यात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "काठी वापरायची. व्यायाम सांगितलाय तेवढाच. थकवा हा आजाराचाच भाग आहे, आळस नाही. त्यांना ढकलू नका."

त्याच महिन्यात आमची नायिका उठली. तिचं मूल गॅलरीच्या कठड्यावर चढतं, ती खुर्चीतून झेपावते, पडते आणि मग चालायला लागते. तिच्या पडण्यासाठी फ्रेमच्या खाली मी दोन गाद्या अंथरल्या होत्या, गुडघ्यांनी दाबून बघितल्या होत्या. नऊ टेक झाले. दोन टेकच्या मधे ती पायावर पाय टाकून मोबाइल बघत होती. हे सगळं डोळ्यांनी बघितलेला मी, एपिसोड लागला तेव्हा सुषमाशेजारी बसून ढसाढसा रडलो.

त्या रविवारी मी तिची काठी माळ्यावर टाकली आणि स्वयंपाकघराच्या दारात हात पसरून उभा राहिलो.

"अगं, मनावर घे. ये."

"नका हो. पाय आज ऐकत नाहीयेत."

"काही होत नाही. ये तू."

ती आली. तीन पावलं आली, चौथं आलं नाही. सगळा भार उजव्या मनगटावर पडला.

प्लास्टर घालताना हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडलात?"

"फरशी ओली होती," सुषमा म्हणाली. मी तिची पर्स धरून उभा होतो. मी मान हलवली.

सहा आठवडे तिचा कात्रीचा हात बंद होता. बायका आपापली कापडं परत घेऊन गेल्या. मी तिची वेणी घालायचो, ती वाकडी व्हायची, ती हसायची. त्या रविवारचा विषय तिने एकदाही काढला नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तुमच्या घरी असा आजार आला तर लोक तुमच्या माणसाला हिंमत धरायला सांगतील. प्रेमानेच सांगतील. सुषमाकडे हिंमत भरपूर होती, नाहीतर ती ती तीन पावलंही आली नसती.

तीन महिन्यांनी पुन्हा ठाण्याला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मधे कुठे पडलात का?"

"एकदा. फरशी ओली..."

"कोरडी होती," मी म्हणालो. "काठी मी माळ्यावर टाकली होती. मी चालायला लावलं तिला." मग मी सिरियलचंही सांगितलं, गाद्यांचंही. घरी मी साधी चटईसुद्धा टाकली नव्हती.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी सुषमाकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "पण मी पडले त्या दिवशी हे इतके रडत होते, की मलाच खोटं बोलावं लागलं."

"काठी आता कुठे असते?"

"माझ्या उशाशी. यांना हात लावू देत नाही."

औषधांमुळे आजार सध्या थोपलाय. सुषमा दिवसाला एक ब्लाउज शिवते. हे या डॉक्टरांचे उपकार आहेत, आणि ती अजून माझ्या हातचा चहा पिते हे तिचे. सेटवर कुणी आजारी पडणार असलं की मी लेखकाला विचारतो, नक्की काय झालंय? ते वैतागतात.

बाथरूममध्ये मी स्टीलचा दांडा बसवलाय. भिंतीत चार इंच आत, माझ्या सगळ्या वजनानिशी लोंबकळून तपासलेला. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "हा खरा आहे ना, की तुमच्या सिरियलचा?" मी खरा म्हणालो. तरीही ती रोज आधी तो हलवून बघते आणि मगच धरते. मी बाहेर उभा असतो.