परळच्या लॅबमधला तो रंग

स्पिरिटचा वास आला की परळच्या लॅबमधली ती बिनखिडकीची खोली आठवते. त्या सकाळी पीसीआर मशीनवर सगळ्याच नमुन्यांच्या रेघा खाली आल्या आणि दारात उभा टेक्निशियन माझ्यावर उखडला, "केमिकल फ्रीजरबाहेर ठेवलंस ना रे? आता गावाची गाडी पकड." मी आठवीत शाळा सोडलेला, विदर्भातून येऊन लॅबमध्ये मदतनीस लागलेला, गावी काय तोंड दाखवणार? प्लास्टिकच्या सूटमध्ये घाम नुसता निथळत होता. लॅबच्या मोठ्या मॅडमनी येऊन स्क्रीनवर एक वेगळीच रेघ उघडून दाखवली. "ही केमिकलमध्येच मिसळलेल्या एका रंगाची रेघ. हा रंग प्रत्येक नळीत सारखाच असतो, तपासणीशी त्याचा संबंध नाही. केमिकल बिघडलं असतं तर हा जागेवर राहिला असता. हाही तेवढाच उतरलाय, म्हणजे नळ्यांवर उजेड टाकणारा मशीनचा दिवाच मंदावलाय. जा, चहा पिऊन ये." त्या माउलीचे उपकार विसरणार नाही, पण फ्रीजरचं दार लावलं तरी मी अजून परत जाऊन ओढून बघतो.