घटस्थापनेची परीक्षा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. सांगून काही सुधारणार नाही, तरी सांगते.

आमचं ऑफिस हेब्बाळला. जुनं काम बंद झालं आणि मी आणि सुमा, दोघी एकदम रिकाम्या झालो. नव्या प्रोजेक्टमध्ये जागा एकच. क्लाउड आर्किटेक्चरच्या परीक्षेत जिला जास्त गुण तिला ती जागा, दुसरीनं घरी जायचं. या शहरात पन्नाशीला आलेल्या बाईला नवी नोकरी कोण देतं?

तरी अभ्यास आम्ही एकत्रच केला, रविवारी, बसवनगुडीत माझ्या घरी. सुमा निपाणीची. ॲपवर गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप कसे वाढतात, हे मला काही केल्या समजेना. ती म्हणाली, "अक्का, पंगत आठव की! माणसं वाढली की वाढपी वाढवायचे, पंगत उठली की कमी करायचे. तुम्हा शहरातल्यांत सगळा बुफेच, तुला काय कळणार!"

समजावणं तिचं आणि परीक्षेच्या वेबसाइटवरच्या सूचना बघणं माझं — अशी वाटणी तिनंच केली होती. मी त्यातली पक्की, म्हणून.

आम्ही दोघींनी एकच तारीख घेतली होती. ती पितृपक्षात येते हे तिच्या मागाहून लक्षात आलं. "या दिवसांत नवीन काही नको गं. घटस्थापनेला देऊ?" तारीख बदलायला फोन हातात धरून ती माझ्याकडे बघत होती.

त्याच सकाळी मी सूचना वाचली होती. अमावास्येनंतर परीक्षा बदलणार होती — नवा अभ्यासक्रम, आम्ही केलेलं निम्मं बाद.

मी म्हटलं, "सरी, चालेल. दिवस चांगला आहे."

चुकून तोंडातून गेलं, असं म्हणू? नाही. सराव परीक्षेत ती नेहमी माझ्या पुढे असायची. ते मनात आलं, आणि मग मी बोलले. माझी तारीख मी बदलली नाही; मला पितृपक्षाचं काही नाही, असं तिला म्हटलं. नंतरही रोज जेवायला ती शेजारीच बसायची — सांगता आलं नसतं का? उलट बाद होणाऱ्या धड्यांतल्या शंका मी तिला विचारत राहिले. तिला संशय येऊ नये म्हणून. ती डबा बाजूला सारून समजावायची.

मी जुन्याच अभ्यासक्रमावर जेमतेम पास झाले. ती घटस्थापनेला नापास झाली. बाहेर आल्याआल्या तिचा फोन — "अक्का, निम्मे प्रश्न ओळखीचेच वाटेनात गं. मला काय झालंय?"

मी म्हटलं, "वय झालं गं आपलं."

तेच तिनं धरून ठेवलं. आता निपाणीला भावाकडे असते. डोकं चालत नाही म्हणते, कुठे अर्जही करत नाही. तिचं डोकं ठीक होतं, हे जगात एकट्या मला माहीत आहे. अधूनमधून तिचा फोन येतो. मी तब्येतीची चौकशी करते, पावसापाण्याचं विचारते, आणि ठेवते.